बुडालेली क्रिप्टो नाणी आणि बाबांच्या निवृत्तीचे पैसे : सल्ला हवा आहे

सुदामानगरकर (धागाकर्ती)

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते आहे, पण घरात विषय तातडीचा झालाय.

माझा धाकटा भाऊ इथेच, इंदुरात, भंवरकुआंच्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो. २०२१पासून क्रिप्टोत आहे. त्याच्या खात्यात मोठा वाटा लुना नावाच्या जुन्या नाण्याचा, म्हणजे ज्याला आता लुना क्लासिक म्हणतात त्याचा. बाकीची काही टोकनं, म्हणजे तशीच छोटी नाणी, एक्स्चेंजने (जिथे ही नाणी घेता-विकता येतात त्या बाजाराने) यादीतूनच काढून टाकली आहेत. नुसता आकडा दिसतो, विकायचं बटण चालत नाही. लुना मात्र विकता येतं, पण तो विकत नाही. म्हणतो, "ताई, एक डॉलरला परत गेलं की सगळं वसूल."

खरी काळजी पुढची आहे. बाबा सरकारी शाळेतून निवृत्त झाले आणि हातात एकरकमी पैसे आले. भावाला विजय नगरच्या एका हॉटेलातल्या कार्यक्रमात नवीन टोकन दाखवलंय. अजून बाजारात आलेलं नाही, आत्ता स्वस्त, सहा महिने लॉक (तोवर पैसे काढता येत नाहीत), दरमहा ८ टक्के, आणि ओळखीचे लोक जोडले तर वेगळं कमिशन. बाबा आठ लाख द्यायला तयार आहेत. मुलाचं नुकसान एकदाचं भरून निघावं असं त्यांना मनापासून वाटतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं आणखी अवघड जातं.

जुनी नाणी ठेवावीत की काढावीत? झालेल्या तोट्याचा करात काही फायदा मिळतो का? भावाला न दुखावता नेमकं काय विचारू? आणि इंदुरात हा विषय समजणारा सीए कसा ओळखायचा? "क्रिप्टो म्हणजे जुगार" एवढंच कृपया लिहू नका. त्या वाक्याने आमच्याकडे फक्त भांडणं होतात.

छावणी_अनाज

ताई, क्रिप्टोतलं मला फार कळत नाही, पण आयुष्य मंडईत गेलंय. भाव फळ्यावर लिहिला म्हणजे माल विकला गेला असं होत नाही, समोर गिऱ्हाईक उभं लागतं. भावाला एवढंच विचारा की सहा महिन्यांनी हे टोकन तुझ्याकडून कोण घेणार, आणि त्याला ते कशासाठी हवं असेल. बाबांचे पैसे तोपर्यंत हलवू नका.

कोडवाला_मालवा

वरच्या काकांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. आधी लुनाबद्दल लिहितो, कारण तुमचा भाऊ गणिताचा आहे आणि हे गणित त्याने स्वतः मांडलं तर त्याला कुणी समजावावं लागणार नाही.

मे २०२२च्या सुरुवातीला लुनाचा भाव ८० डॉलरच्या आसपास होता आणि बाजारात साधारण ३५ कोटी नाणी होती. त्याच्या जोडीला युएसटी हे दुसरं नाणं, ज्याचा भाव कायम एक डॉलर राहील असं सांगितलं जायचं. ते कसं राहणार? तर कोणीही एक युएसटी दिलं की त्याला एक डॉलर किमतीचं नवं लुना छापून मिळायचं. युएसटी घसरलं तसे लोक युएसटी देऊन लुना घ्यायला आणि ते लगेच विकायला लागले. भाव पडला की एका डॉलरसाठी जास्त लुना छापावं लागे, जास्त छापलं की भाव आणखी पडे. काही दिवसांत ३५ कोटींची सुमारे साडेसहा लाख कोटी नाणी झाली, आणि १३ मेपर्यंत भाव एका सेंटच्या शंभराव्या हिश्शाच्याही खाली गेला.

ती छापलेली नाणी कुठे गेली नाहीत. मधल्या काळात काही जाळली, म्हणजे कायमची बाद केली, तरी पाच लाख कोटींच्या वर शिल्लक आहेत. प्रत्येकाला एक डॉलर भाव यायचा तर एकूण किंमत पाच लाख कोटी डॉलर होते. भारताचं वर्षाचं सकल उत्पादन चार लाख कोटी डॉलरच्या घरात आहे. म्हणजे आपल्या अख्ख्या देशाच्या वर्षभराच्या उत्पादनापेक्षा जास्त किंमत एका बुडालेल्या नाण्याला यावी लागेल. भावाच्या डोक्यात ८० डॉलरचा आकडा आहे, पण तो ३५ कोटींतल्या एका नाण्याचा भाव होता. आज त्याच्याकडे आहे ते पाच लाख कोटींतलं एक. नाव तेवढं सारखं राहिलंय.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पुष्कळ लोक लुनाच्या भावापायी त्यात शिरलेच नव्हते. युएसटी अँकर नावाच्या योजनेत ठेवलं की वर्षाला जवळजवळ २० टक्के मिळायचे, आणि "डॉलरच तर आहे, त्यात काय बुडणार" असं वाटायचं. त्या योजनेतून कर्ज घेणाऱ्यांचं व्याज ठेवीदारांना पुरत नव्हतं. तूट राखीव निधीतून भरली जात होती, आणि फेब्रुवारी २०२२मध्ये त्या निधीत ४५ कोटी डॉलर ओतावे लागले होते. यातलं काहीच लपवलेलं नव्हतं. कोसळण्याच्या तीन महिने आधी ज्याने विचारलं असतं की हे २० टक्के देतंय कोण, त्याला उत्तर मिळालं असतं. संस्थापक डो क्वॉनने पुढे ऑगस्ट २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, पण तोवर लोकांचे पैसे जायचे ते गेले होते.

तुमच्या नव्या टोकनवाल्यांनाही हेच विचारा. महिन्याचे ८ टक्के कोणाच्या खिशातून येणार? अजून बाजारातही न आलेल्या टोकनला धंदा कुठला?

नर्मदे_हर

महिन्याला ८ टक्के, लॉक आणि माणसं जोडण्याचं कमिशन हे तीन शब्द एकत्र वाचले आणि बिटकनेक्ट ही बुडालेली क्रिप्टो योजना आठवली. अमेरिकेत त्याच्या ज्या संस्थापकावर आरोपपत्र आहे तो सतीश कुंभानी, आपल्या शेजारच्या सुरतेचा. त्यांची पद्धत अशी : तुम्ही बिटकॉइन द्यायचं, त्यांचं नाणं घ्यायचं, ते त्यांनाच कर्जाऊ द्यायचं. त्यावर रोज १ टक्क्याच्या आसपास व्याज. मुद्दल मात्र रकमेप्रमाणे १२० ते २९९ दिवस अडकलेलं. रोज १ टक्का चक्रवाढीने लावून बघा, वर्षात पैसे जवळजवळ ३८ पट होतात. जगात कुठलाच धंदा हे देत नाही.

जानेवारी २०१८मध्ये कर्जाची योजना एकाएकी बंद झाली तेव्हा त्यांनी पैसे "परत" केले, पण कसे, ते बघा. प्रत्येक नाणं ३६३ डॉलर धरून नाणीच हातात दिली. सगळ्यांच्या हातात एकाच वेळी नाणी, सगळे एकाच वेळी विकणारे, घेणारा कुणी नाही. काही दिवसांत त्या भावाचा दहावा हिस्साही उरला नाही. लॉकची अट असते ती ह्याचसाठी. आधी शिरलेल्याला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि नंतरच्याला दार बंद दिसतं.

ताई, बाबांना हे तारीखवार सांगा. शिक्षक माणूस आहे, समजेल.

पलासिया_सीए

कराचं नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण शेअरचे नियम धरून चालतात आणि फसतात.

१ एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. वजावट फक्त खरेदी किमतीची. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पगारातून होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. समजा भावाने १ लाखाला घेतलेलं लुना आज ३ हजारांना विकलं. तोटा ९७ हजार. त्याच वर्षी दुसऱ्या नाण्यात ९७ हजारांचा नफा झाला. त्याच्या खिशाच्या हिशोबाने वर्ष शून्यावर सुटलं. कायद्याच्या हिशोबाने त्याला २९,१०० कर आणि १,१६४ सेस, एकूण ३०,२६४ भरायचे आहेत. म्हणून "तोटा करात कामी येईल" अशा आशेने विकायचं असेल तर तसं काही होणार नाही. आणि कर वाचतो म्हणून धरून ठेवायचं, यालाही अर्थ नाही.

विक्रीवर १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२पासून कापला जातो. तो मात्र वाया जात नाही. २६एएस आणि एआयएस या आयकर विभागाच्या नोंदींमध्ये दिसतो, विवरणपत्रात मागून घेता येतो. तोट्यात विकलेलंही विवरणपत्राच्या क्रिप्टोच्या तक्त्यात भरायचं. यादीतून काढलेल्या टोकनांचे खरेदीचे कागद, सगळ्या व्यवहारांच्या यादीची सीएसव्ही फाइल, बँकेचं विवरण आत्ताच उतरवून ठेवा. एक्स्चेंज बंद पडलं की फाइलही जाते.

सीए कसा ओळखावा : पहिल्या भेटीत त्याने व्यवहारांची मूळ फाइल मागितली पाहिजे. नुसता "नफा किती, तोटा किती" असा बेरजेचा आकडा मागत असेल तर त्याने हे काम केलेलं नाही. आणि तोटा वजा करून देतो म्हणणाऱ्याकडून लगेच उठा. इथे कुणाचं नाव देत नाही. महाराष्ट्र साहित्य सभेच्या किंवा तुमच्या कॉलनीच्या मंडळातून ओळखीचा सीए मिळेलच, त्याला हे दोन प्रश्न विचारा.

बाबांची रक्कम : साठी ओलांडलेली असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला व्याज खात्यात. ते टोकनवाले महिन्याला जेवढं देतो म्हणतात तेवढं सरकार वर्षाला देतं. हा फरकच पुरेसा बोलका आहे.

टेस्टनेट

मी वेगळा उपाय सुचवतो. भांडण नको असेल तर भावाला म्हणावं, दोन हजार टाक, लगेच विक आणि रुपये बँकेत आणून दाखव. पैसे आले तर पुढचं बोलू. नोव्हेंबर २०२१मध्ये एका गाजलेल्या कोरियन मालिकेचं नाव लावून नाणं निघालं होतं, भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि मिनिटांत शून्यावर आला. लोकांना ते विकताच येत नव्हतं, कोडमध्येच तशी अडवणूक होती. दोन हजारांत हे कळलं असतं.

कोडवाला_मालवा

टेस्टनेट, कोडमधली अडवणूक अशाने कळेल, मान्य. पण योजना चालवणारे लोक पहिली छोटी रक्कम मुद्दाम वेळेवर परत देतात. दोन हजार आले की बाबा निश्चिंत होऊन आठ लाख देतील. ह्या घरात ती परीक्षा उलटी पडण्याची भीती जास्त आहे. शिवाय क्रिप्टो ठेवींवर व्याज देणाऱ्या सेल्सियसने जून २०२२मध्ये आणि तशाच वॉल्डने जुलै २०२२मध्ये पैसे काढणं थांबवलं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत लोकांचे विड्रॉल होतच होते.

त्यापेक्षा ते टोकन कुठल्या एक्स्चेंजवर असेल तर तिथली खरेदीदारांची यादी उघडून बघा. आज कोणत्या भावाला किती रुपयांची मागणी उभी आहे ते तिथे दिसतं. आठ लाखांचा माल विकला तर भाव किती खाली येईल, हे भाऊ पाच मिनिटांत काढेल. आणि कंपनी वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदलेली आहे का तेही बघा. मार्च २०२३पासून ते बंधन आहे. तरी नोंदणी म्हणजे सुरक्षेची हमी असं समजू नका. जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर चोरी झाली, २३ कोटी डॉलरच्या आसपास, आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

सुदामानगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला लुनाचं गणित कागदावर मांडायला दिलं. तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, "हे मी मुलांना शिकवतो." सकाळी लुना विकून टाकलं. आलेली रक्कम अगदीच थोडी आहे, पण त्याचं रोज रात्री भाव बघणं सुटेल, हेच मला खूप आहे.

टोकनवाल्यांना त्याने फोन करून विचारलं की विकायचं कुठे. उत्तर आलं, आमच्याच ॲपवर, सहा महिन्यांनी. खरेदीदारांची यादी दिसत नाही. बाबांनी आठ लाखांचा चेक कपाटात ठेवलाय, सध्या देणार नाहीत.

पण आज एक नवीन कळलं. भावाने कार्यक्रमातच ५१ हजार "बुकिंग" म्हणून युपीआयने भरले आहेत. आता ते म्हणतात, उरलेले सात दिवसांत भरले नाहीत तर बुकिंग रद्द. भाऊ घाबरलाय. काय करावं?

पलासिया_सीए

उरलेला एक रुपयाही भरायचा नाही, सात दिवसांची मुदत भीती घालण्यासाठीच असते. आजच लेखी, व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवरही, बुकिंगची रक्कम परत मागा. युपीआयचा संदर्भ क्रमांक, ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव, कार्यक्रमाचं पत्रक, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. टाळाटाळ दिसली की १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

नर्मदे_हर

अजून एक. तक्रार केली की काही दिवसांत "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असे फोन येतील. जुन्या लुनासाठीही येतील. आपल्या इंदुरातून चालणाऱ्या बिनपरवाना टिप्स कंपन्यांवर सेबीने किती आदेश काढलेत ते सगळ्यांना माहीत आहे, बोलणं तसंच गोड असतं. कुणालाही काही भरू नका, आणि मोबाइलवर ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा.

कोडवाला_मालवा

आणि भावाला म्हणावं, रागाने तो टेलिग्राम ग्रुप सोडू नकोस. आधी सगळी चॅट एक्सपोर्ट करून घे. त्यांनी ग्रुप डिलीट केला तर पोलिसांना दाखवायला हातात काही राहणार नाही.

सुदामानगरकर

तो शेजारीच बसलाय, आत्ताच करतोय. १९३० चा तक्रार क्रमांक मिळाला की इथे पुढचं कळवते.