ॲप स्टोअरचा नियम ४.८ : ॲपलचंच लॉगिन बटण हवं असं आता नाही

'आयफोन ॲपमध्ये गूगल लॉगिन ठेवलं की साइन इन विथ ॲपल (ॲपल खात्याने लॉगिन करायचं बटण) ठेवावंच लागतं' असं म्हणतात. २०१९ साली नियम आला तेव्हा ते खरं होतं, पण जानेवारी २०२४ मध्ये ४.८ ची भाषा बदलली. आता गूगल-फेसबुकच्या जोडीला एक समतुल्य लॉगिन पर्याय लागतो. त्याने फक्त नाव आणि ईमेल घ्यायचं, ईमेल लपवू द्यायचा आणि संमतीशिवाय जाहिरातींसाठी ॲपमधल्या हालचाली टिपायच्या नाहीत. ईमेल लपवू देणारे पर्याय मोजकेच, म्हणून बरेच जण शेवटी ॲपलचंच बटण लावतात. ॲपमध्ये फक्त तुमचीच खातेपद्धत असेल तर मात्र हा नियम लागूच होत नाही. छोट्या ॲपने आधी हाच रस्ता तपासावा असं मला मनापासून वाटतं.

बटण लावलंत तर एक सांभाळा: वापरकर्त्याचं नाव फक्त पहिल्या लॉगिनलाच मिळतं. तेव्हाच सर्व्हरवर साठवलं नाही तर पुढच्या वेळी ते रिकामं येतं. यात माझे दोन दिवस गेले. पुन्हा चाचणी करायची तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपसाठीचं साइन इन काढून टाकावं लागतं. लपवलेल्या ईमेल पत्त्यावर मेल पोचायला पाठवणारं डोमेन किंवा पत्ता ॲपलच्या डेव्हलपर खात्यात नोंदवलेला हवा.

आणि खातं डिलीट करायची सोय ॲपमध्येच हवी, ३० जून २०२२ पासून ती सक्तीची आहे. डिलीट करताना ॲपलने लॉगिनसाठी दिलेलं टोकनही (ओळखीची डिजिटल किल्ली) रद्द करा.