लिनक्ससीएनसी मधूनच अडखळतंय: कर्नलचे थ्रेड रिअलटाइम कोरवरून कसे हटवायचे? सल्ला हवा

शिरोली_मिलिंग
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे. जुन्या मिलिंग मशीनचा कंट्रोलर गेला, नवा परवडेना, म्हणून लिनक्ससीएनसी, म्हणजे पीसीवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, बसवलं. चार कोरचा पीसी, डेबियन १२, प्रीएम्प्ट-आरटी कर्नल (सिस्टिमचा गाभा, वेळ काटेकोर पाळणारा) आणि इथरनेटवरून चालणारं मोशन कार्ड. सर्वो थ्रेड (मोटरींना हुकूम देणारा प्रोग्रॅमचा भाग) दर १ मिलिसेकंदाला चालतो.

लेटन्सी टेस्टमध्ये जिटर, म्हणजे ठरल्या वेळेपासूनची चुकामूक, एरवी १५ ते २० मायक्रोसेकंद दिसतो. पण तास-दीड तासाने एखाद्या वेळी एकदम ३०० च्या वर जातो. मग स्क्रीनवर 'अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले' येतं. परवा कटर जॉबमध्ये असतानाच कार्डाचा संपर्क तुटला, मशीन जागेवर थांबलं आणि जॉब भंगारात गेला. गिऱ्हाइकाचं मटेरियल होतं, फार वाईट वाटलं.

नेटवर एक लांबलचक बूट ओळ (कर्नल सुरू होताना द्यायच्या सूचना) मिळाली आहे: आयसोलसीपीयूज, नोएचझेड-फुल, आरसीयू-नोसीबीज, नोवॉचडॉग, सगळं एकत्र. टाकू का? की आधी काही बघायला हवं?

कर्नलवाचक
दादा, एकदम टाकू नका. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर पुन्हा बिघडलं की पुन्हा अंधारात.

आधी गुन्हेगार शोधा. कर्नल ५.१४ पासून ओएसनॉइज आणि टायमरलॅट असे दोन ट्रेसर (कोरवर काय घडलं याची नोंद ठेवणारी साधनं) आहेत, डॅनिएल ब्रिस्टॉट द ऑलिव्हेरा यांनी लिहिलेले. ते २०२४ मध्ये फार लवकर गेले, पण आपल्यासारख्यांचं काम त्यांनी किती सोपं करून ठेवलंय ते हे ट्रेसर वापरलं की कळतं. आरटीएलए नावाच्या साधनातून टायमरलॅट फक्त कोर ३ वर लावा आणि १०० मायक्रोसेकंदांची मर्यादा द्या. ती ओलांडली की ट्रेस तिथेच थांबतो, आणि त्या क्षणी कोरवर इंटरप्ट (हार्डवेअरने दिलेली हाक) होता, सॉफ्टआयआरक्यू (त्या हाकेनंतरचं उरलेलं काम) होता की एखादा थ्रेड, हे नावानिशी दिसतं. कोर ३ अशासाठी, की गणती ० पासून असते आणि लिनक्ससीएनसी आपला रिअलटाइम थ्रेड शेवटच्या कोरवर बसवतं.

आता मूळ मुद्दा. आयसोलसीपीयूज दिलं की साधे प्रोग्रॅम त्या कोरवर येत नाहीत. पण केसॉफ्टआयआरक्यूडी, प्रत्येक कोरचा केवर्कर, आरसीयूसी हे कर्नलचे थ्रेड ज्या त्या कोरला बांधलेले असतात. त्यांना हलवता येत नाही. त्यांच्या हाती काम पडणार नाही एवढंच आपण बघू शकतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची यादी पाठ करावी लागत नाही.

सॉफ्टआयआरक्यूचं काम बहुधा ज्या कोरवर इंटरप्ट आला तिथेच होतं. म्हणून डिस्क, यूएसबी, ग्राफिक्स यांचे इंटरप्ट कोर ० आणि १ वर वळवा. आयआरक्यूबॅलन्स ही सेवा बंद करा, नाहीतर तुम्ही वळवलेलं ती पुन्हा विस्कटेल. आरसीयू-नोसीबीज दिलं की त्या कोरचे आरसीयू कॉलबॅक (कर्नलची मागाहून करायची साफसफाई) वेगळ्या थ्रेडवर जातात, ते थ्रेडही ० आणि १ ला बांधा. कोरला न बांधलेल्या वर्कक्यूंसाठी (कर्नलच्या कामांच्या रांगा) सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींत) सीपीयूमास्कची फाइल असते, तिथेही तेच. व्हीएमस्टॅटचा (मेमरीच्या आकड्यांचा) हिशेब मुळात दर सेकंदाला होतो, स्टॅट-इंटरव्हल वाढवून ठेवा.

नोएचझेड-फुल, म्हणजे कोरचा टिक (कर्नलचा ठराविक वेळाने पडणारा टोला) थांबवणं, मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही. एका कोरवर एकच प्रोग्रॅम न झोपता सतत चालत असेल, तर टिक थांबवण्याचा खरा फायदा. तुमचा सर्वो थ्रेड दर मिलिसेकंदाला उठतो आणि झोपतो. टिक थांबून हाती फारसं लागणार नाही, उलट प्रत्येक सिस्टिम कॉलला थोडा जादा खर्च बसेल.

क्लस्टरवाली
मी हवामानाची मॉडेलं क्लस्टरवर चालवते, तिथे याच दुखण्याचा दुसरा अवतार भेटतो. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या आस्की क्यू या महासंगणकावर प्रत्येक नोडला (जोडलेल्या एकेका संगणकाला) ४ प्रोसेसर होते. चारही कामाला लावण्यापेक्षा ३ वापरून एक सिस्टिमसाठी मोकळा ठेवला तर गणित लवकर उरकायचं! प्रत्येक पायरीला हजारो प्रोसेसर सगळ्यांत मागे राहिलेल्याची वाट बघतात. पार्श्वभूमीतली किरकोळ कामं कधी या नोडवर, कधी त्या नोडवर येत, आणि प्रत्येक वेळी सगळेच थांबत. २००३ साली तिथल्या मंडळींनी हा गोंगाट शोधून कमी केला आणि प्रोग्रॅमची एक ओळही न बदलता वेग दुप्पट झाला.

म्हणून शिरोलीकर, चारपैकी दोन कोर सिस्टिमला द्यायला जिवावर येऊ देऊ नका.

बोटभर_चिप
कर्नलवाचकांशी सहमत, फक्त एक भर. तुमचं कार्ड इथरनेटवर आहे. त्या १ मिलिसेकंदात कार्डाला विचारणं, उत्तर येणं, गणित आणि परत लिहिणं हे सगळं बसवायचं असतं. त्यामुळे त्या नेटवर्क पोर्टचा इंटरप्ट बाकीच्यांबरोबर ० आणि १ च्या गर्दीत टाकू नका. कोर २ आणि ३ दोन्ही वेगळे काढा: ३ वर सर्वो, २ वर फक्त या पोर्टचा इंटरप्ट. हायपरथ्रेडिंग असेल तर बायोसमधून बंद करा, नाहीतर २ आणि ३ एकाच खऱ्या कोरचे दोन हिस्से निघायचे.

शिवाय इथटूल या कमांडने आरएक्स-यूसेक्स, म्हणजे पॅकेट आल्यावर थांबायचा वेळ, शून्यावर आणा. पॅकेट आलं तरी चिप इंटरप्ट रोखून धरते, आणखी चार येतील म्हणून. फाइल उतरवताना ते बरं, मशीन चालवताना घातक. बायोसमधल्या खोल झोपेच्या सी-स्टेटही बंद करा.

शिरोली_मिलिंग
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर एकेक करून बघितलं, प्रत्येक बदलानंतर एक पूर्ण पाळी.

टायमरलॅटमध्ये दोन गोष्टी सापडल्या. कोर ३ वर मधूनच केवर्कर येत होता, आणि यूएसबीचा इंटरप्टही तिथेच पडत होता. आमच्या पोराने जॉबच्या फाइल पेनड्राइव्हवरून घेतल्या की उडी, असा मेळ बसला. इंटरप्ट वळवल्यावर आणि कोर वेगळे काढल्यावर ३०० चे आकडे गेले. आरएक्स-यूसेक्स शून्य केल्यावर कार्ड वाचायचा वेळही बराच उतरला. आता चार दिवस झाले, सगळ्यांत मोठा आकडा २७. डिलेचा मेसेज एकदाही नाही.

अजून एक विचारतो. दुसऱ्या मशीनसाठी एक जुना पीसी पडून आहे, पॅरलल पोर्टवाला. त्यावर सॉफ्टवेअर स्टेपिंग (स्टेपर मोटरचे पल्स पीसीनेच पाठवणं) करायचं मनात होतं. तिथे वरचं सगळं करूनही अधूनमधून २५० येतं, आणि ट्रेसमध्ये कुठल्याच थ्रेडचं नाव नाही.

कर्नलवाचक
नाव नाही म्हणजे बहुतेक एसएमआय. मदरबोर्डचं फर्मवेअर मध्येच प्रोसेसर ताब्यात घेतं आणि कर्नलला त्याचा पत्ताही नसतो. हार्डवेअर लेटन्सीचा ट्रेसर, एचडब्ल्यूलॅट, लावून खात्री करा. बायोसमध्ये यूएसबी लेगसी सपोर्ट बंद करून बघा, कधीकधी तेवढ्यानेच सुटतं.

नाही सुटलं तर त्या पीसीवर वेळ घालवू नका. सॉफ्टवेअर स्टेपिंगसाठी १०० मायक्रोसेकंदांच्या वरचा पीसी लिनक्ससीएनसीवालेच नको म्हणतात. दुसरा विकत घ्यायच्या आधी दुकानातच पेनड्राइव्हवरून बूट करून लेटन्सी टेस्ट तासभर चालवू देतात का विचारा.

शिरोली_मिलिंग
शाहूपुरीत ओळखीचा दुकानदार आहे, तो देईल चालवायला. शनिवारी जाऊन येतो आणि आकडे इथे टाकतो.