न्यास, प्रतिष्ठान, ट्रस्ट की फाउंडेशन? पत्रिकेवर कुठला शब्द ठेवू?

सोलापुरात माझं डीटीपी आणि पत्रिका छपाईचं दुकान आहे. परवा एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखानदारांच्या ऑफिसातून मॅटर आलं. मालकांनी आपल्या कमाईतला मोठा हिस्सा बाजूला काढून पोरांच्या शिक्षणासाठी आणि दवाखान्याच्या मदतीसाठी संस्था काढलीय, तिच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायचीय. आता त्या एकाच पत्रिकेत वर मोठ्या अक्षरात 'फाउंडेशन', मधे 'प्रतिष्ठानाची स्थापना', खाली 'ट्रस्टचे विश्वस्त मंडळ' आणि शेवटी 'न्यासाच्या वतीने हार्दिक स्वागत'. संस्था एक, शब्द चार. फोन केला तर मॅनेजर म्हणाले, तुम्हाला बरा वाटेल तो ठेवा की, सगळ्याचा अर्थ एकच आहे.

मला काही ते पटत नाही. घरी आजीला वाचून दाखवलं तर तिनं विचारलं, फाउंडेशन म्हणजे घराचा पाया भरायचाय का? तिचं चूक नाही, आपल्याकडं मिस्त्री लोक पायाला फाउंडेशनच म्हणतात. आणि 'प्रतिष्ठान' म्हटलं की मला चौकातले फ्लेक्सच दिसतात, अमुक युवा प्रतिष्ठान, तमुक मित्र प्रतिष्ठान, म्हणजे तो शब्द आता मंडळाच्या जवळ गेलाय. एवढ्या मोठ्या कामाला तो शोभेल का? जाणकारांनी सांगा, पत्रिका शुक्रवारी द्यायचीय.

—

दादा, तुमच्या मॅनेजरसाहेबांचं चुकतंय, चारही शब्दांचा अर्थ एक नाही. मी शाळेत संस्कृत शिकवायचे, तेवढं सांगते.

'न्यास' हा नि आणि अस् यावरून आला, खाली ठेवणं, सोपवणं. पूजेत अंगन्यास करन्यास करतात तो हाच, मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करत तिथं तो मंत्र ठेवायचा. गाण्यातला न्यास स्वरही हाच, जिथं आलाप येऊन विसावतो तो. आणि व्यवहारात न्यास म्हणजे दुसऱ्याकडं विश्वासानं ठेवलेली ठेव. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात मुलीला सासरी पाठवल्यावर कण्व म्हणतो की कुणाची ठेव परत केल्यावर वाटावं तसं माझं मन हलकं झालंय, तिथं शब्द 'न्यास'च आहे. म्हणजे जवळ आहे, सांभाळायचंय, पण आपलं नाही. तुमच्या मालकांनी पैसा बाजूला काढला म्हणताय ना, मग त्या कृतीचं अचूक नाव न्यासच.

'प्रतिष्ठान' स्था धातूवरून, भक्कम उभं राहण्याची जागा. आपल्या पैठणचं जुनं नाव तेच. शब्द चांगलाच आहे, पण त्यात 'उभं राहिलं' एवढंच येतं, कुणाच्या पैशावर आणि कुणासाठी ते येत नाही, आणि शेजारी प्रतिष्ठा हा शब्द असल्यामुळं ऐकणाऱ्याला मानमरातबच आठवतो. शिवाय 'प्रतिष्ठानाची स्थापना' म्हणजे तोच धातू दोनदा. व्याकरणात चूक नाही, पण कानाला खटकतंच.

हिंदीत प्रतिष्ठान म्हणजे दुकान, व्यवसाय असाही अर्थ आहे, आपण तिथं आस्थापना म्हणतो. हिंदी मजकुरावरून मराठी करणारे तिथं हमखास घोटाळा करतात.

—

मी ट्रस्टची हिशेबाची कामं करतो म्हणून कायद्याच्या बाजूनं लिहितोय. फाउंडेशन हा आपल्याकडं कायद्यातला वेगळा प्रकार नाहीच, ते नुसतं नाव. त्या नावामागं १८६० च्या कायद्याखालची सोसायटी असू शकते, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेला ट्रस्ट असू शकतो, नाहीतर २०१३ च्या कंपनी कायद्यातली कलम ८ ची कंपनी. बाहेर पण तेच, अमेरिकेत कार्नेगीनं १९११ ला काढली तिला कॉर्पोरेशन नाव दिलं आणि रॉकफेलरनं १९१३ ला काढली तिला फाउंडेशन, काम दोघांचं एकाच जातीचं. आपल्याकडं टाटांनी 'ट्रस्ट' धरला. सर रतन टाटा १९१८ ला गेले आणि त्यांच्या मृत्युपत्रातून १९१९ ला ट्रस्ट झाला, मग १९३२ ला सर दोराबजींनी जवळजवळ सगळी संपत्ती ट्रस्टला देऊन टाकली, त्यातूनच पुढं १९३६ ला समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था आणि १९४१ ला मुंबईचं कॅन्सरचं हॉस्पिटल उभं राहिलं. देणारा १९३२ लाच वारला पण पैसा काम करत राहिला, ही ताकद दानात नसते, ट्रस्टमधे असते.

आणि ताईंनी ठेव म्हटलंय ते कायद्यात पण उतरलंय बघा. ट्रस्टची जमीन विकायची तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, मग विश्वस्तांत स्वतः मालक असले तरी. बरेच पैसेवाले माझ्याकडं येतात त्यांना हे आधी सांगितलं की चेहरा पडतो, म्हणतात माझेच पैसे आणि मलाच परवानगी? मी म्हणतो साहेब, डीडवर, म्हणजे ट्रस्टच्या दस्तावर, सही केली त्या दिवशी ते तुमचे राहिले नाहीत. जे हे ऐकून पण सही करतात त्यांच्याबद्दल मला खरंच आदर वाटतो.

त्यामुळं दादा आधी ट्रस्ट डीड मागवा, त्यात जे नाव असेल तेच वर छापा, अक्षर न बदलता. मराठी शब्दाचा प्रश्न खालच्या मजकुरापुरताच. एक अजून, 'स्थापना समारंभ' लिहू नका, स्थापना डीड झालं तेव्हाच झाली, कार्यक्रम आहे तो उद्घाटनाचा.

—

देवस्थानांची नावं बघा की. मुंबईला सिद्धिविनायक मंदिर 'न्यास', शिर्डीला साईबाबा 'संस्थान विश्वस्तव्यवस्था', पंढरपूरला मंदिर 'समिती' आणि आपल्या सिद्धेश्वराची 'पंच कमिटी'. मला विचाराल तर पंच कमिटी सगळ्यात आपलं वाटतं, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं पण अख्ख्या गावाला कळतं.

—

आमच्या घरी कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात, आणि इथं कुणी 'दासोह' म्हटलंच नाही याचं मला वाईट वाटलं. सोलापूरचा शब्द आहे हो हा. आता लोक मठातल्या जेवणाला दासोह म्हणतात पण मुळात तो शरणांचा, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या संतांचा विचार आहे, कायक म्हणजे कष्ट करून मिळवायचं आणि दासोह म्हणजे मिळवलेलं समाजाला अर्पण करायचं, आणि अर्पण करताना मी दाता नाही, मी दास. दानात देणाऱ्याचा हात वर असतो, दासोहात तो खाली येतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदवलं, आज आपण त्याच्या काठावर फिरायला जातो. गांधीजी श्रीमंतांना विश्वस्त व्हा म्हणायचे, तो विचार मला दासोहाच्या फार जवळचा वाटतो. म्हणून 'दानशूर उद्योगपती' हे पत्रिकेत असेल तर काढून टाका अशी माझी विनंती आहे. शूर कशाला? ज्या कामगारांनी मागावर उभं राहून ते टॉवेल विणले त्यांच्या घामाचाच पैसा तो.

—

ताई, शेवटच्या वाक्याशी सहमत पण 'दानशूर' जुना शब्द आहे, कर्णापासूनचा, पत्रिकेतनं काढायची गरज नाही असं मला वाटतं. मार्केट यार्डात आमच्या आजोबांच्या पट्टीवर हमाली तोलाईच्या खाली 'धर्मादा' म्हणून एक रक्कम असायची, त्या पैशातनं पाणपोई, धर्मशाळा चालायच्या. सरकारी 'धर्मादाय आयुक्त' ऐकलं की मला तीच पट्टी आठवते. आणि 'खैरात' बघा, मूळ अरबी, खैर म्हणजे भलं, आणि मराठीत येऊन त्याची उधळपट्टी झाली.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. डीड मागवलं, त्यात 'चॅरिटेबल ट्रस्ट' आहे, फाउंडेशन कुठंच नाही, ते ऑफिसात कुणीतरी मनानं घातलं होतं. वर डीडमधलं नाव तसंच ठेवलंय, मजकुरात सगळीकडं 'न्यास' केलंय, स्थापना काढून उद्घाटन. मॅनेजर 'प्रतिष्ठान' राहू द्या म्हणत होते म्हणून मी थेट मालकांशीच बोललो, ठेवीचा अर्थ सांगितला, ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले न्यासच ठेवा. 'दानशूर' विषयी पण विचारलं, ते त्यांनी स्वतःच खोडलं.

आता एकच राहिलं, 'विश्वस्त मंडळ' तोडून लिहायचं की 'विश्वस्तमंडळ' जोडून?

—

सामासिक शब्द आहे, जोडूनच.