बीडीडीत गॅलरी नव्हती, पॅसेज होता

पॅसेजमधली:

काल इथे ‘लाकडी जिना’ या टोपणनावाने कोणी लेख लिहिला की गिरणगाव, म्हणजे मुंबईचा कापडगिरण्यांचा भाग, मेलं, टॉवरनी मारलं, आणि बीडीडीच्या सरकारी चाळी पाडणं हा तर शेवटचा घाव. भिंती राखून आतून दुरुस्ती करायला हवी होती, म्हणजे ‘ती उघडी दारं आणि गॅलरीतल्या गप्पा’ टिकल्या असत्या. खाली पन्नास जणांचे जोडलेले हात. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे.

वरळीच्या बीडीडीत गॅलरी नव्हती. पॅसेज होता. मधोमध बोळ, दोन्ही हातांना दहा-दहा खोल्या, भर दुपारीही दिवा लावावा लागायचा. मजल्यावर वीस खोल्या, तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका इमारतीत ऐंशी बिऱ्हाडं. खोली १६० फुटांची. संडास सामाईक. ज्याला गॅलरी आणि पॅसेज यातला फरक माहीत नाही त्याने आमच्या घराबद्दल हळहळू नये.

दारं उघडी असायची, खरं आहे. बंद केली तर आत गुदमरायला व्हायचं म्हणून उघडी असायची. आईला दम्याचा त्रास होता. मी दहावीला असताना रात्री पॅसेजमधल्या दिव्याखाली पोतं अंथरून अभ्यास केला, कारण खोलीत दिवा लावला तर सात जणांची झोपमोड. पाळीच्या दिवसांत बादली घेऊन त्या पॅसेजमधून संडासापर्यंत चालत जाणं काय असतं हे जिन्यावर बसून लिहिणाऱ्या पुरुषाला कोण सांगणार? दोन्ही बाजूंना माणसं बसलेली. मी तेरा वर्षांची होते.

या चाळी आमच्यावर उपकार म्हणूनही बांधलेल्या नव्हत्या. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्याच्याच आद्याक्षरांवरून आमचं नाव. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी धरून २०७ इमारती. भाडं कामगाराला झेपेना म्हणून कित्येक खोल्या बरीच वर्षं रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यातल्या काहींचा तुरुंग केला होता. ज्या खोलीत कैदी ठेवायचे त्या खोलीचा आत्मा जपा म्हणता?

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या ज्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यात आमचंही घर होतं. ५०० फूट. घरात संडास, दाराला आतून कडी. आई चावी बघायला उरली नाही. आत शिरल्यावर मी पहिल्यांदा न्हाणीघराचं दार लावलं आणि नळ सोडून उभी राहिले. याला कोणी संस्कृतीचा खून म्हणणार असेल तर समोर येऊन म्हणावं.

लाकडी जिना:

तो मीच. गॅलरीची चूक मान्य. मी लालबागच्या खाजगी चाळीत वाढलो, तिथे गॅलरी होती, आणि बीडीडीत मी फक्त मित्रांकडे जायचो. पण एका शब्दावरून माझं सगळं म्हणणं मोडीत काढू नका.

बायकांचे हाल मला दिसले नाहीत असं नाही. पण तुम्ही घर सांगताय, मी वस्ती सांगतोय. माझे वडील वारले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आई बेशुद्ध. तिरडीचं सामान, भटजी, गावाला तार, सगळं मजल्यावरच्या माणसांनी केलं, आणि तेरा दिवस आमची चूल पेटली नाही कारण जेवण शेजारून यायचं. आता तुमच्या चाळीसाव्या मजल्यावर हे होईल? लिफ्टमध्ये शेजारी मान खाली घालून उभा असतो.

आणि पुढचा प्रश्न. आमची चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी खाजगी इमारत, ती पाडून टॉवर झाला. जुन्या भाडेकरूंना मागची इमारत, विक्रीच्या फ्लॅटवाल्यांना पुढची, दोन वेगळी गेटं. पुढच्या गेटच्या लोकांनी पहिल्याच वर्षी तक्रार केली की सुकटीचा वास येतो. लालबागमध्ये! जिथे मिरची-मसाला कुटायच्या गिरण्यांपुढे बायकांच्या रांगा लागतात, तिथे वासाची तक्रार. नावंसुद्धा आमची राहिली नाहीत. लोअर परळला बिल्डरांनी ‘अप्पर वरळी’ केलं. माझ्या मुलाच्या मित्राला चिंचपोकळी कुठे ते ठाऊक नव्हतं, तो दोन स्टेशनं पुढे राहतो.

तिसरी पाळी:

तुम्हा दोघांचं भांडण बघून माझं डोकं तापलं. एकाला गॅलरी हवी, एकीला न्हाणीघर. खोलीच नव्हती त्याचं काय?

माझे वडील साताऱ्याकडच्या पाटणहून १९७४ ला आले. गिरणीत बदली कामगार, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कायमचा गैरहजर असला तर आत, नाहीतर परत. झोपायचे एका गाववाल्याच्या गाळ्यात, बारा जण. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर. भिंतीला एक खिळा आणि एक पत्र्याची ट्रंक एवढीच त्यांची मुंबई. जेवण वरळीच्या एका खानावळीत, महिन्याच्या हिशोबावर.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर. आमचे वडील सहा महिने थांबले आणि गावाला परतले ते कायमचे. त्यांचं नाव कुठल्या भाडेपावतीवर नाही. बीडीडीत खोली होती ती कोणाच्या नावावर? कित्येक खोल्या सरकारी नोकर, म्युनिसिपाल्टीवाले, पोलीस यांच्या. तुम्हाला वरळीत ५०० फूट फुकट. आणि ज्यांच्या घामाने हा भाग उभा राहिला त्यांना घरं शेलू आणि वांगणीला, शहराबाहेर कर्जत लाईनला. २०२५ च्या जुलैत आझाद मैदानात गिरणी कामगारांच्या मोर्चाला जे म्हातारे काठी टेकत आले होते त्यांच्यात माझे वडील होते. ताई, तुमच्या चावीचा आनंद मला होत नाही.

पॅसेजमधली:

फुकट हा शब्द मागे घ्या. तीन पिढ्या राहिलो, घर रिकामं केलं, नवं होईपर्यंत हाल काढले, म्हणून मिळालं. आणि माझे वडील म्युनिसिपाल्टीतच होते. सफाई खात्यात. तेही घामच गाळत होते.

दुसरं. तुमचे वडील ज्या खानावळीत जेवायचे ती चालवत कोण होतं? आमच्यासारख्या घरातली बाई. माझी आई १४ माणसांचा स्वयंपाक १६० फुटांत करायची. पहाटे साडेतीनला स्टो पेटायचा, सातच्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे, मग रातपाळी सुटलेल्यांची पंगत. भाकरी थापून तिचे अंगठे वाकडे झाले होते. संप सुरू झाला तेव्हा त्या १४ जणांची दोन महिन्यांची उधारी राहिली. एकानेही दिली नाही, देणार कुठून? आईने मंगळसूत्राच्या वाट्या गहाण टाकून वाण्याचं देणं फेडलं. तेव्हा गिरणी कामगाराचा घाम मला शिकवू नका.

खानावळवाल्या बायकांना कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तोवर त्या कुणाच्या मोजणीत नव्हत्या. आजही नाहीत. घरांसाठीच्या गिरणी कामगारांच्या यादीत १ जानेवारी १९८२ ला हजेरीपटावर असलेला माणूस बसतो. त्याला रोज जेवू घालणारी बाई बसत नाही.

नकाशेवाला:

दोघं एकमेकांवर ओरडताय आणि ज्याच्यावर ओरडायला हवं तो सुटतोय.

विकास नियंत्रण नियमावली १९९१, कलम ५८. गिरणीची जमीन विकायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेला, घरांसाठी, उरलेली मालकाला. ५८ गिरण्या, सहाशे एकरांच्या आसपास जमीन. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, फक्त जी आधीपासून रिकामी आहे तिची. गिरणीत शेड उभी असते, रिकामी जागा असते किती? उच्च न्यायालयाने २००५ ला कामगारांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ ला तो फिरवला. गिरणी कामगारांच्या पहिल्या सोडतीत २०१२ ला ६,९२५ घरं निघाली, अर्ज लाखाच्या वर. वांगणीची वाट त्या एका दुरुस्तीतून निघते. बीडीडीची जमीन सरकारची होती आणि लोक तिथेच राहत होते, म्हणून तिथे काही देता आलं.

मी स्वतः पुनर्विकासाचे नकाशे काढतो. पॅसेजमधली ताईंचं न्हाणीघर मला मान्य, पण चाळीस मजल्यांचे टॉवर जवळजवळ उभे केल्यावर खालच्या मजल्यांवर ऊन किती पोचतं हे दहा वर्षांनी विचारा. लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा, याचा दरमहा खर्च निवृत्त माणसाने कसा द्यायचा? जमिनीचा मोठा भाग विक्रीसाठी मोकळा करायचा म्हणून राहणाऱ्यांना उंच रचलं. पॅसेजची चाळ आणि टॉवर यांच्या मधलं काहीतरी, सात-आठ मजल्यांचं, आम्ही काढू शकलो असतो. कोणी मागितलं नाही.

तिसरी पाळी:

मालकावर ओरडून चाळीस वर्षं झाली. तो ऐकत नाही म्हणून जवळच्यावर ओरडतो, हे मला कळतं. पण ऐका. वडिलांच्या घराच्या अर्जाला पुरावा लागतो. हजेरी कार्ड, तिकीट नंबर म्हणजे गिरणीतला कामगार क्रमांक, प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा. ट्रंकेत होतं ते २००५ च्या पावसात गावच्या घरात भिजून गेलं. मी एका कार्यालयात सात खेपा घातल्या. तिथल्या माणसाने मला तोंडावर विचारलं, ‘तुमचे वडील खरंच मुंबईत होते का?’ आठ वर्षं सूत खाल्लेल्या माणसाबद्दल. रात्री खोकला उठतो तो कशाने?

संपाबद्दलही लोक बोलतात की संपाचे पुढारी दत्ता सामंत यांनी कामगार बुडवला. संप आजतागायत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. मालकांना कापडापेक्षा जमीन गोड लागली होती.

लाकडी जिना:

इथे मात्र मला बोलावंच लागेल. माझे काका संपात आठव्या महिन्यात कामावर गेले. त्यांना लोकांनी फितूर म्हटलं, दारावर डांबर फासलं. घरात दोन लहान मुली होत्या. सगळा दोष मालकांचा म्हणून मोकळं होता येणार नाही. पुढाऱ्यांनी मागे फिरायचा रस्ताच ठेवला नव्हता.

तिसरी पाळी:

तुमचे काका गेले म्हणून माझे वडील गावाला गेले. एवढंच बोलतो, कारण पुढचं बोललो तर वाईट बोलेन.

रिंगखातं:

तुम्ही सगळे ज्या साचेखात्याच्या आठवणी काढताय तिथे माझ्या आजोबांना पाऊल टाकता येत नव्हतं. धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीतली, कांडी बदलली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. महाराने ओठ लावलेल्या धोट्याला दुसरा कसा ओठ लावणार? म्हणून आमची माणसं सूत कातायच्या रिंगखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला तेव्हा कामगार पुढाऱ्यांनी तो मागण्यांत नाइलाजाने घेतला. त्यामुळे ‘आम्ही सगळे कामगार’ हे मला सांगताना जरा थांबा.

आणि जिनासाहेब, तेरा दिवस शेजारून जेवण आलं, छान. आमच्या घरून आलं असतं तर खाल्लं असतं का? बीडीडीत इमारतीचा नंबर सांगितला की समोरच्याला जात कळायची. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरची सभा उधळली आणि वरळी पेटली, तेव्हा माझी आई पोटुशी होती. गच्चीवरून दगड येत होते आणि ते शेजारच्याच इमारतीतून येत होते. ती उघडी दारं त्या आठवड्यात बंद होती.

टॉवरमध्ये घरं सोडतीने मिळाली. माझ्या मजल्यावर कोण कोण येईल हे जातीने ठरलं नाही. मला यासाठी चाळ गेलेली चालते. ऊन कमी आलं तरी चालते.

लाकडी जिना:

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी आईला विचारलं. ती ८४ वर्षांची आहे. ती म्हणाली, ‘तेव्हा नसतं खाल्लं.’ मी ते इथे लिहितोय कारण न लिहिणं खोटं ठरेल. त्या तेरा दिवसांचं ऋण मात्र मी विसरणार नाही. माझ्या लेखातली ‘एक कुटुंब’ ही ओळ काढतो. बाकी लेख ठेवतो. दोन गेटांबद्दल कोणी बोललंच नाही, ते मला अजून टोचतं.

पॅसेजमधली:

दोन गेटांबद्दल तुमचं बरोबर आहे. आमच्याकडेही विक्रीच्या इमारती वेगळ्या होणार आहेत आणि आमच्या वस्तीतल्या जांबोरी मैदानावर कोणाचा हक्क राहतो यावर माझं लक्ष आहे. एवढं एक मान्य करते.

तिसरी पाळी, तुमचा राग मला पटलेला नाही. पण ट्रंक भिजल्याचं वाचल्यावर मी माळ्यावरच्या सामानातून आईची वही काढली. नवीन घरात येताना भावाने टाकून दे म्हटलं होतं. खानावळीची वही आहे, १९७१ पासून संपापर्यंत. उधारी बुडू नये म्हणून आई प्रत्येकाचं नाव, गाव, गिरणी आणि तिकीट नंबर लिहून घ्यायची. पाटण तालुक्यातली चार नावं आहेत. हा सरकारी पुरावा नव्हे. पण तिकीट नंबर कळला तर फंडाचा उतारा शोधायला धागा मिळेल. वडिलांचं नाव आणि गिरणी मला निरोपात कळवा, इथे नको.

तिसरी पाळी:

कळवलं आहे. वडिलांना विचारलं तर म्हणाले, जिन्यालगतची खोली होती, आणि ती बाई शनिवारी वाटाण्याची उसळ करायची.

फुकट हा शब्द मागे घेतो. वांगणीचं म्हणणं मागे घेत नाही.

पॅसेजमधली:

उसळ शनिवारीच असायची. पान ३८ बघते आहे.