प्रतिसाद: अडाणीपणा हे कारण पुरेसं नाही

भक्त अडाणी असतात म्हणून बुवा-महाराज माजतात, शिक्षण वाढलं की हे आपोआप थांबेल, असं वर दोघा-तिघांनी लिहिलंय. निम्मं मान्य. पण मुंबईतला १८६२ सालचा महाराज लायबल खटला बघा. समाजसुधारक पत्रकार करसनदास मुळजींनी 'सत्यप्रकाश' या गुजराती वृत्तपत्रात वैष्णव महाराजांच्या, म्हणजे पंथाच्या धर्मगुरूंच्या, लंपटपणावर लिहिलं, म्हणून त्यांतल्याच जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. या महाराजांना डोक्यावर घेणाऱ्यांत भाटिया या व्यापारी जातीतले शेठ होते. दुकानात पै-पैचा हिशोब मागणारी, जगभरचा व्यापार कळणारी माणसं. महाराजांना मात्र हिशोब विचारायचा नाही!

या खटल्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सुनावणीच्या आधीच काही भाटिया पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरवलं की महाराजांविरुद्ध साक्ष देणारा जातीबाहेर. जातीबाहेर म्हणजे पोरीचं लग्न अडलं, पंगतीतलं पान गेलं, मयताला माणसं मिळेनात. अशा वेळी घरात काय चाललंय हे माहीत असूनही कोण तोंड उघडणार? धाक महाराजांना घालावाच लागला नाही, तो शेजारच्यांनीच घातला. करसनदासांनी या कटावर वेगळा खटला भरला आणि पुढाऱ्यांना दंड झाला. त्यानंतरही काही भाटिया साक्षीला उभे राहिले. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तर महाराजांच्या गुप्तरोगांबद्दल भर कोर्टात सांगितलं. महाराज दावा हरले, गादी मात्र कुणी काढून घेतली नाही.