ज्येष्ठांचे लाड म्हणे! कुठे होतात ते सांगा

डोंगरवाट
काल कुणीतरी लिहिलंय, "पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, वयोश्री योजनेचे तीन हजार, वर तीर्थयात्रा. ज्येष्ठांचे लाड पुरे. आईबापांना सांभाळणं मुलांचं काम, सरकारचं नव्हे." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. म्हणून हे.

सासूबाईंना लकवा मारला तेव्हापासून माझा शिवणक्लास बंद आहे. एसटी फुकट, मान्य, पण आधी स्टँडपर्यंत चालता आलं पाहिजे. वयोश्रीचे ३,००० एकदाच मिळतात, कमोडची खुर्ची आली की संपले. सत्तरीपुढच्यांना ५ लाखांचं आयुष्मान कार्ड आहे, ते दवाखान्यात भरती झालं तर. घरी दर दोन तासांनी कूस बदला, पाठीला बेडसोर होतंय का बघा, नाकातल्या नळीतून पेज घाला. हे कुठल्या पॅकेजात बसतं? तीर्थदर्शन योजनेत पंचाहत्तरीपुढच्यांना सोबत मदतनीस नेता येतो. म्हणजे माणूस लागतो हे सरकारला कळतं, फक्त यात्रेपुरतं!

केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्याला 'आश्वासकिरणम्' योजनेतून महिना ६०० रुपये धरलेत. रक्कम किरकोळ आहे, पण ते काम आहे एवढं तरी कबूल केलंय. मला लाडकी बहीण म्हणून १,५०० येतात. सून म्हणून शून्य.

सडेतोड
पोस्ट माझीच. सासूचं केलं म्हणून सरकारने पैसे द्यायचे? उद्या पोराला भरवायचे मागाल. मुलं बघत नसतील तर २००७ चा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करा, महिना १०,००० पर्यंत निर्वाह भत्ता लावतात. माझ्या आजोबांचं सगळं आईने केलं. एक शब्द काढला नाही.

डोंगरवाट
तुम्ही कधी विचारलंत का तिला? आणि तो कायदा न बघणाऱ्यांसाठी आहे. मी बघणाऱ्यांबद्दल बोलतेय.

डबलबेल
निवृत्त वाहक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट करणारी अमृत योजना आली तेव्हा ड्युटीवर होतो. लाड म्हणणाऱ्यांनी सकाळची पहिली गाडी बघावी, अर्धे म्हातारे हातात एक्सरेची पिशवी घेऊन तालुक्याला निघालेले असतात. गंमत आधार कार्डाची. निम्म्यांची जन्मतारीख १ जानेवारी! दोघे भाऊ यायचे, कार्डावर थोरला बहात्तर वर्षांचा आणि धाकटा शहात्तर वर्षांचा. धाकटा फुकट, थोरल्याला अर्धं तिकीट. थोरला रोज मला शिव्या घालायचा, जसं काही त्याचं बारसं मीच केलं होतं.

पेन्शनर६८
रेल्वेचं कुणी काढत नाही! पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाचं निमित्त करून काढली. करोना गेला, सवलत आली नाही.

कोथरूडकर
सरकारकडे कशाला बघायचं? पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून बाई ठेवा. अर्थात तिथेही बोंबच. आईसाठी तीन बदलल्या. बारा तासांचे आठशे घेतात आणि मोबाईल बघत बसतात.

मावशीची_लेक
ती मोबाईल बघणारी बाई माझी आई असेल. आठशेतून ब्युरो आधी आपलं काढून घेतो. तुमची आई रात्रभर हाका मारते, माझी आई रात्रभर जागी राहायला मोबाईल बघते. पेशंटला उचलायचं कसं हे कुणी शिकवलं नाही, स्वतःची कंबर गेल्यावर शिकली. आणि एवढं करून तिचा चहाचा कप वेगळा!

कोथरूडकर
आमच्याकडे कप वेगळा नाही. सरसकट बोलू नका.

मावशीची_लेक
"मोबाईल बघत बसतात" हे काय होतं मग? तिला रजा नाही, पीएफ नाही. पेशंट गेला की दुसऱ्या दिवसापासून पगार बंद. म्हातारपणी तिचं कोण करणार? मी. फुकट.

राइनकाठ
जर्मनीत १९९५ पासून यासाठी वेगळा विमा आहे, पगारातून कापतात. घरच्यांनी सांभाळलं तर पैसे मिळतात, सांभाळणाऱ्याच्या पेन्शनमध्येही भर पडते.

सडेतोड
तिकडे बसून शिकवू नका. तुमच्या आईला कोण बघतं?

राइनकाठ
नाशिकला बहीण बघते. नोकरी सोडून. म्हणूनच लिहिलं. झालं समाधान?

बांधावरचा
तुमचे ब्युरो तुम्हाला लखलाभ. आमच्या आत्याला श्रावणबाळ पेन्शनचे महिना १,५०० मिळतात. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला. एवढ्यात जगणारा माणूस दाखला आणायला जिवंत राहील का? त्यात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला २०० रुपये, २००७ पासून तेवढाच. हयातीच्या दाखल्याच्या वेळी आत्याचा अंगठा मशीनवर उमटेना, खुरपून खुरपून रेघाच गेल्यात. टेम्पोत घालून नेली, साहेब खाली येऊन तिला बघून गेले. आली म्हणून जिवंत ठरली.

सडेतोड
बरं बाबा, अंथरुणावर असलेल्यांसाठी घरपोच काहीतरी हवं, धरा. पण सुनेच्या खात्यावर पैसे? गावोगाव खोट्या सुना उगवतील.

डोंगरवाट
आशाताई घरोघर फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांना रोजच्या कामात मदत लागते का हा प्रश्न असतोच. त्याच्या पुढे "मदत कोण करतं" एवढी एक ओळ घाला. गावात कोण कुणाचं करतं हे आशाताईला फॉर्मशिवायही माहीत असतं. आणि खोटी सून सापडलीच तर पाठवा माझ्याकडे, रात्रपाळी देते.

पेन्शनर६८
ते सगळं खरं हो. रेल्वेचं काय ते सांगा.