कॉलेजचा आकाशदर्शन क्लब मरायला टेकलाय, काय करावं?

कृत्तिका: यादीत ६० नावं, येतात सहा-सात जण. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान, आणि जमलं तर गच्चीवर दुर्बीण. ६ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण आहे (नाभीय अंतर १२०० मिमी; नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगं, २५ आणि १० मिमी), पण चित्र धूसर येतं म्हणून ती कपाटातच असते. ती लावता येणारे दोघंही शेवटच्या वर्षाला आहेत. नव्या दुर्बिणीसाठी पैसे मागावेत का?

ध्रुवमत्स्य: अजिबात नको. ६ इंची एफ/८ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट) विद्यार्थ्यांना चार वर्षं पुरून उरते. धूसरपणाची कारणं बहुधा दोनच. पहिलं, दुर्बीण खोलीतून काढून लगेच वापरणं. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर नळीतली गरम हवा हलत राहते आणि ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. म्हणजे सातचा कार्यक्रम असेल तर सहालाच बाहेर काढा.

दुसरं, आरसे न जुळणं. नेत्रिकेच्या जागी मधोमध बारीक भोक पाडलेलं टोपण बसवून आत पाहा. आधी दुय्यम आरशाचे (नळीच्या तोंडाजवळचा छोटा) स्क्रू असे फिरवा की त्यात मुख्य (तळाच्या) आरशाची कडा पूर्ण गोल दिसेल. मग मागच्या तीन स्क्रूंनी दुय्यम आरशाचं प्रतिबिंब मधोमध आणा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. खात्री करायला ध्रुवतारा घ्या, तो जागेवरून फारसा हलत नाही. १० मिमीतून तो किंचित अस्पष्ट केला की कडी एकाच केंद्राभोवती दिसायला हवीत.

आणि कृपा करून आरसा फडक्यानं पुसू नका. धुळीनं फार बिघडत नाही, ओरखडे मात्र कायमचे राहतात.

नेत्रिका२५: माझ्या मते खरी मेख ‘दुसरा शनिवार’ हीच आहे. चंद्राला शनिवार कळत नाही. नव्या मुलांसाठी शुक्ल पंचमी ते नवमीमधला दिवस धरा: अंधार पडताना चंद्र वर असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला तोच चंद्र सपाट ताटलीसारखा दिसतो. तेजोमेघ, तारकागुच्छ अमावास्येजवळ.

रांगेचंही गणित करा. ३० जण, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे शेवटच्याला अर्धा तास ताटकळणं. तो परत येत नाही. १० मिमीनं १२० पट मोठं दिसतं, पण ग्रह साधारण पावणेदोन मिनिटांत क्षेत्राबाहेर जातो आणि दर एक-दोन जणांमागे नळी सरकवावी लागते. गर्दीला २५ मिमीच लावा: ४८ पट, आणि चारेक मिनिटं मिळतात. शनीची कडी तेवढ्यातही दिसतात (ती आपल्याकडे अगदी कडेनं वळलेली असतील ती वर्षं सोडून). रांगेतल्यांच्या हातात १०×५० बायनॉक्युलर द्या.

अल्गोलप्रेमी: दोन्ही उत्तरं पटली, पण नुसता बघायला आलेला मुलगा तिसऱ्यांदा फिरकत नाही. त्याच्याकडे नोंदवही हवी. सगळ्यात सोपं काम ययाती तारकासमूहातला अल्गोल हा तारा: दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत मंदावतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; आकडा मोठा तितका तारा मंद), साधारण दहा तासांत उतार-चढ पुरा. नुसत्या डोळ्यांनी होतं. तुलनेला हे तारे: देवयानीतला गॅमा (२.१), ययातीतले एप्सिलॉन (२.९) आणि कप्पा (३.८). दर अर्ध्या तासाला नोंद, आणि दुसऱ्याचा आकडा आधी बघायचा नाही; बघितला की सगळ्यांचं उत्तर एकच येतं. किमान तेजाच्या वेळा आधीच काढून ठेवा, कारण निम्म्याहून जास्त दिवसा किंवा पहाटे पडतात. नोंदी तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या, १९११ पासून चालू असलेल्या एएव्हीएसओ या संस्थेकडे पाठवता येतात.

रात्री थांबता येत नाही त्यांना सौरडाग द्या: ५०-६० मिमीच्या छोट्या भिंगाच्या दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर प्रतिमा पाडून रोज पेन्सिलीनं काढायचे. डोळा कोणीही लावायचा नाही, शोधक दुर्बिणीला (नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) टोपण. तुमची ६ इंची यासाठी वापरू नका, दुय्यम आरसा तापतो.

कृत्तिका: आणि शेवटच्या वर्षाचे दोघं गेल्यावर?

ध्रुवमत्स्य: ते असतानाच कपाटाची किल्ली दुसऱ्या वर्षाच्या दोघांकडे द्या. पुढचे तीन कार्यक्रम दुर्बीण त्यांनीच लावायची. सीनियरनं शेजारी उभं राहायचं, हात मागे बांधून. आरसे मुद्दाम थोडे बिघडवून जुळवायला लावा. वीस मिनिटांत जमेपर्यंत.